शेवेलला ३.७३चे गिअर टाकायचे की २.७३च बरे?

बाळ्या_मिशिगनकर
मंडळी, एक वाद मिटवा. गाडी १९६९ची शेवरलेची शेवेल मालिबू, ३५० घनइंची स्मॉल ब्लॉक इंजिन, टीएच-३५० ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, मागे कंपनीचाच ८.२ इंची १०-बोल्ट एक्सल (झाकणाला दहा बोल्ट). रेशो २.७३ (प्रॉपेलर शाफ्टच्या २.७३ फेऱ्यांना चाकाचा एक) आणि डिफरन्शियल ओपन (जोर घसरणाऱ्या चाकाकडे जातो), म्हणजे सिग्नल सुटल्यावर पाय दाबला की मागचं एकच चाक जागेवर धूर काढतं आणि गाडी आपली निवांत निघते. माझं म्हणणं सरळ आहे, ३.७३ची क्राऊन-पिनियन (एक्सलमधली गिअरची जोडी) आणि सोबत पॉझी (दोन्ही चाकांना जोर देणारं डिफरन्शियल) टाकायची, इंजिनाला हातही लावायचा नाही. हिशोब करा ना, टीएच-३५०चा पहिला गिअर २.५२, गुणिले २.७३ म्हणजे ६.८८, आणि ३.७३ने गुणलं तर ९.४०. चाकावर येणारा टॉर्क तिथल्या तिथे एक तृतीयांशाहून जास्त वाढला. लोक कॅमशाफ्ट आणि कार्ब्युरेटरवर पैसे ओततात आणि खालचा पिकअप उलटा घालवून बसतात. पण इथले मराठी मित्र म्हणतायत गाडीची वाट लावशील. बोला.

सत्तरचा_वेग
वाटच लावशील. तू फक्त पहिल्या गिअरचा हिशोब मांडलास, तिसऱ्याचा कोण मांडणार? टीएच-३५०चा टॉप १:१ आहे, ओव्हरड्राइव्ह (१ पेक्षा कमी रेशोचा गिअर) नाही. इंजिनाचे मिनिटाला फेरे म्हणजे ताशी मैल गुणिले रेशो गुणिले ३३६, भागिले टायरची उंची इंचात. तुझे टायर २३५/६०-१५ असतील तर उंची साधारण २६. सत्तर मैलाला आत्ता इंजिन फिरतं २४७०, ३.७३ टाकल्यावर फिरेल जवळपास ३३७५. आय-७५ हायवेवर तासभर तो आवाज ऐक आणि मग सांग. पेट्रोलचं तर बोलूच नको.

बाळ्या_मिशिगनकर
आय-७५ला न्यायला माझ्याकडे कॅमरी आहे की. शेवेल उन्हाळ्यात बाहेर निघते, डेट्रॉइटच्या वूडवर्ड रस्त्यावर. ड्रीम क्रूझच्या, म्हणजे जुन्या गाड्यांच्या मेळ्याच्या दिवशी तिथे गाड्या गोगलगायीच्या चालीने जातात, सत्तरचा प्रश्नच येत नाही.

तेलकट_हात
दोघंही रेशोवर भांडताय आणि एक्सलकडे कुणी बघतच नाहीये. बाळ्या, पहिली गोष्ट, २.७३च्या कॅरियरवर (क्राऊन ज्याला बोल्टने बसते तो भाग) ३.७३ची क्राऊन बसत नाही. रेशो वाढला की पिनियन बारीक होते, म्हणून क्राऊन तिच्याकडे सरकवायला कॅरियरची बसायची जागाच वेगळी लागते. पॉझी घेतोयस म्हणजे कॅरियर तसाही नवा येणार, पण घेताना कुठल्या सीरिजचा ते बघून घे. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, तो ८.२ मुळात नाजूक. ओपन डिफ आहे तोवर चाक घसरून मोकळं होतं म्हणून एक्सल वाचतो, हे लोकांच्या लक्षात येत नाही. पॉझी टाकलास, दोन्ही चाकांनी रस्ता धरला, की तो सगळा मार आतल्या दातांवर आणि शाफ्टवर जातो. आधी घसरण वाचवत होती, आता कोण वाचवणार? नवीन गिअर, पॉझी, बेअरिंग, सील आणि बसवायची मजुरी हे सगळं नाजूक हाऊसिंगमध्ये घालण्यात काय अर्थ आहे. सरळ १२-बोल्ट शोध, ६८ ते ७२च्या शेवेलचाच, कारण ६४ ते ६७चा अरुंद येतो. क्राऊन ८.८७५ इंची, वरच्या कंट्रोल आर्मचे (एक्सल गाडीला जोडणारे दांडे) कान हाऊसिंगवरच असतात, बोल्ट टू बोल्ट बसतो. किंवा मग फोर्ड ९ इंच.

बोटाय_कट्टर
शेवीखाली फोर्डचा एक्सल??? हे लिहिताना हात कापले नाहीत का तुझे

तेलकट_हात
अजिबात नाही कापले 😄 ९ इंचाचा पिनियन दोन्ही टोकांना बेअरिंगवर टेकलेला असतो, १२-बोल्टचा एकाच बाजूने. शिवाय १२-बोल्टमध्ये शाफ्ट आत सी-क्लिपवर (सी आकाराच्या कडीवर) अडकवलेला, शाफ्ट तुटला तर चाकासकट बाहेर येऊ शकतो. ९ इंचात शाफ्ट बाहेरच्या टोकाला प्लेट लावून बोल्टने धरलेला असतो. आणि अख्खं डिफ पुढून एका तुकड्यात निघतं, ३.००चं एक आणि ३.८९चं एक अशी दोन भरून ठेवली तर दुपारभरात बदलता येतात. १९५७पासून लोक काय उगाच वापरतायत?

बोटाय_कट्टर
आणि तोट्यांबद्दल मौन. ९ इंचाचा पिनियन क्राऊनच्या मध्यापासून बराच खाली बसतो, म्हणून दातांची घासाघीस जास्त, थोडी ताकद तिथेच खाल्ली जाते. शेवेलमध्ये बसवायला कंट्रोल आर्मचे ब्रॅकेट वेल्ड केलेलं हाऊसिंग लागणार, प्रॉपेलर शाफ्टही बदलायला लागेल बहुतेक. साडेतीनशे स्मॉल ब्लॉक आणि रस्त्यावरचे टायर, ड्रॅग स्लिक्स (शर्यतीचे गुळगुळीत टायर) नाहीत, काय तुटणार आहे १२-बोल्टमध्ये? सी-क्लिपची एवढी भीती वाटत असेल तर ती काढून टाकणारं एलिमिनेटर किट मिळतं. तुम्ही लोक सातशे हॉर्सपॉवरचे प्रश्न साध्या मालिबूला चिकटवता.

ओव्हरड्राइव्ह_भक्त
मी वेगळंच म्हणतो, पैसे मागे नाही, गिअरबॉक्समध्ये घाला. ७००आर४ या चार गिअरच्या ऑटोमॅटिकचा पहिला ३.०६ आणि चौथा ०.७०. मागे फक्त ३.०८ ठेवा. ३.०६ गुणिले ३.०८ किती, ९.४२. म्हणजे सुटताना बाळ्याला ३.७३ने जे मिळणार तेच हुबेहूब मिळालं, आणि सत्तर मैलाला इंजिन १९५०वर. ३.७३वाल्यांना हे दाखवलं की विषय बदलतात.

बाळ्या_मिशिगनकर
नाही बदलत विषय. पहिल्याचं ठीक, पण दुसऱ्याचं काय? ७००आर४चा दुसरा १.६३, ३.०८ने गुणल्यावर ५.०२. माझा टीएच-३५०चा दुसरा १.५२, ३.७३ने गुणल्यावर ५.६७. तुझी गाडी पहिल्यातून दुसऱ्यात गेली की धपकन खाली पडणार, ते अंतर त्या गिअरबॉक्सचं जुनं दुखणं आहे. शिवाय त्याची टीव्ही (थ्रॉटल व्हॉल्व्ह) केबल जरा चुकीची लागली की आतले क्लच जळतात. आणि तुझं ऐकलं तरी ओपन डिफ तसंच, म्हणजे एका चाकाचा धूर चालूच.

ओव्हरड्राइव्ह_भक्त
मग ७००आर४ आणि ३.७३ दोन्ही टाक. ०.७० गुणिले ३.७३ म्हणजे २.६१, तुझ्या आत्ताच्या २.७३पेक्षाही हायवेला शांत. केबल लावायला दहा मिनिटं लागतात, उगाच बाऊ करू नका.

सत्तरचा_वेग
हे पहिल्यांदा कुणीतरी शहाण्यासारखं बोललं. पण "इंजिनाला हातही लावायचा नाही" म्हणून सुरू झालेला माणूस आता एक्सल, पॉझी, गिअरबॉक्स आणि प्रॉपेलर शाफ्टपर्यंत पोचलाय हे नोंदवून ठेवा.

पुण्याचा_जीपवाला
शेवेल कधी प्रत्यक्ष बघितली नाही, पण क्राऊन-पिनियन कुठल्याही गाडीची असो, माणूस बघून द्या. रेशो वगैरे कागदावर, खरा खेळ शिमचा (जागा जुळवायच्या पातळ चकत्या). बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) सहा ते दहा थाऊमध्ये (इंचाच्या हजाराव्या भागांत) हवा, आणि दातांना मार्किंगचा रंग लावून ठसा मधोमध पडतोय का बघायचं, टोकाला पडला तर महिन्याभरात विमानासारखी घरघर सुरू, मग परत सगळं उघडा. आमच्याकडे डिफचा नाद करणारे म्हातारे मिस्त्री आता हाताच्या बोटांवर राहिलेत, तिकडे काय परिस्थिती आहे?

तेलकट_हात
इकडेही तेच. आणि क्लचवाली पॉझी असेल तर तेलात फ्रिक्शन मॉडिफायर घालायचं, नाहीतर वळणावर कटकट आवाज येतो आणि लोक समजतात गिअर गेले.

जुनी_गाडी_जुनीच
माझा विरोध नोंदवा. पंचावन्न वर्षं टिकलेला कंपनीचा एक्सल, ट्यूबवर रेशोचा आणि तारखेचा कोड ठोकलेला, तो भंगारात देणार?

बोटाय_कट्टर
अहो ती मालिबू आहे, एसएस ३९६ (मोठ्या इंजिनाची शेवेल) नाही. त्या कोडसाठी कुणी जास्तीचा डॉलर देणार नाही. तरी भंगारात नको, गॅरेजच्या कोपऱ्यात उभा करून ठेव, गाडी विकताना सोबत दे.

बाळ्या_मिशिगनकर
ठरलं. १२-बोल्ट, ३.७३, पॉझी, जुना एक्सल कोपऱ्यात. गिअरबॉक्सचं पुढच्या हिवाळ्यात बघू, बायकोला अजून पहिलाच खर्च सांगायचाय. स्पीडोमीटरचा गिअर बदलायला लागेल ना?

सत्तरचा_वेग
लागेल, टीएच-३५०च्या शेपटाकडे बाहेरूनच निघतो. पण नको बदलूस. सत्तरला काटा पंचाण्णव दाखवेल आणि इंजिनही तसंच ओरडत असेल, तुला हवी ती मजा आपोआप येईल.