सारे ठाऊक असताना ती एकटी का गेली?

पानगळ (प्रश्न)

खऱ्या खुनावर आधारित तीन भागांची एक माहितीपट-मालिका आम्ही घरच्यांनी नुकतीच पाहिली. पूर्वीच्या जोडीदाराने जिचा जीव घेतला, अशा स्त्रीची ती हकिगत असून चर्चा त्या कुटुंबापर्यंत पोहोचू नये म्हणून मालिकेचे नाव मी मुद्दाम देत नाही. वेगळे झाल्यावर तीन आठवड्यांनी ती आपली राहिलेली कागदपत्रे आणायला त्याच्या घरी एकटी गेली आणि निघण्यापूर्वी तिने त्याला ‘सहाला येते, काळजी घे’ असा संदेश पाठवला. पडद्यावर तो संदेश एकेक अक्षर करत उमटू लागला, तेव्हा आम्ही तिघेही एकदमच म्हणालो, ‘अगं, जाऊ नकोस.’

मालिका संपल्यावर मात्र वाद झाला. त्याने तिला अनेकदा धमकावले होते, एकदा तिचा गळाही दाबला होता. मग ती कोणाला सोबत न घेता का गेली, आणि अशा माणसाला इतक्या आपुलकीने का लिहिले, असे मी विचारले. माझी बहीण संतापून म्हणाली की, मी खुन्याला सोडून मेलेल्या बाईचीच उलटतपासणी घेत आहे. मला तिच्यावर ठपका ठेवायचा नव्हता. तरीही माझ्या प्रश्नांतून तो ठेवला गेला का, हे मला प्रामाणिकपणे समजून घ्यायचे आहे.

उंबरठा

तुम्ही ‘जाऊ नकोस’ म्हणालात, कारण ती मरणार हे तुम्हाला पहिल्या मिनिटापासून ठाऊक होते. बारूक फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना जुन्या काळातील एका लढ्याची माहिती वाचायला दिली होती. काहींना शेवट सांगितला, काहींना सांगितला नाही. ज्यांना तो सांगितला होता, त्यांना तोच शेवट अधिक संभवनीय वाटला, आणि तो सांगितला नसता तरी आपण हाच अंदाज बांधला असता, असेही त्यांना वाटले. माहितीपट पाहताना आपले नेमके हेच होते. तिच्या लेखी तो दिवस कागद आणण्याचा होता. त्या घरात ती यापूर्वी किती वेळा गेली असेल आणि सुखरूप परतली असेल, हे दिग्दर्शक दाखवत नाही, कारण त्यात दाखवण्यासारखे काही घडलेलेच नसते.

दिवेलागण

कौटुंबिक हिंसाचार सोसणाऱ्या स्त्रियांसाठी चालणाऱ्या मदतवाहिनीवर मी काही वर्षे काम केले आहे, म्हणून त्या संदेशाविषयी लिहिते. ‘काळजी घे’ हे शब्द प्रेमाचेच असतील असे नाही. भडकणाऱ्या माणसासोबत राहिलेली स्त्री त्याचा पारा चढू न देण्याची भाषा शिकते. भेट टाळता येत नसेल तर ती निदान शांतपणे पार पडावी, म्हणून ती गोड लिहिते. बाहेरून पाहणाऱ्याला जी बेफिकिरी वाटते, ती पुष्कळदा अत्यंत काळजीपूर्वक उचललेली पावले असतात.

दुसरे म्हणजे, वेगळे झाल्यावर धोका संपतो हा समज घातक आहे. ब्रिटिश गुन्हेशास्त्रज्ञ जेन मॉन्क्टन स्मिथ यांनी जोडीदाराकडून झालेल्या स्त्रियांच्या ३७२ खुनांचा अभ्यास करून अशा प्रकरणांची वाटचाल आठ टप्प्यांत मांडली. तिच्यातला चौथा टप्पा म्हणजे नियंत्रणाला धक्का देणारी घटना, आणि ती बहुधा नाते तुटण्याचीच असते. गळा दाबण्याविषयी तर अमेरिकेतील २००८ च्या एका अभ्यासात असे आढळले की, ज्या स्त्रियांचा जोडीदाराने पूर्वी गळा दाबला होता, त्यांच्या बाबतीत पुढे त्याच्याच हातून खून होण्याची शक्यता सातपटींहून अधिक होती. हे तिला कोणी सांगितले होते का? ती तक्रार घेऊन गेली असेल, तर समोरच्याने गळा दाबण्याची गोष्ट वेगळी नोंदवली का? तुमचा ‘का’ मी तिथे विचारला असता.

साक्षेप

वरच्या दोन्ही उत्तरांशी मी बराचसा सहमत आहे. तरीही मृताच्या वागण्याविषयी विचारूच नये, हे मला पटत नाही. ती कुठे गेली, कोणाशी बोलली, कोणाला घाबरत होती, हे तपास करणाऱ्याला विचारावेच लागते. चूक होते ती माहितीच्या प्रश्नाचा दोषाचा प्रश्न झाला की. अमेरिकन गुन्हेशास्त्रज्ञ मार्विन वूल्फगँग यांनी फिलाडेल्फिया शहरातील १९४८ ते १९५२ या काळातील ५८८ खुनांपैकी १५० प्रकरणांत आधी बळाचा वापर मृतानेच केला होता, असे १९५८ साली मांडले. त्यांची कसोटी अगदी अरुंद होती: शारीरिक बळ प्रथम कोणी वापरले? पुढे हीच कल्पना बलात्काराच्या प्रकरणांना लावली गेली, पीडितेचे कपडे आणि वावरणे हीच जणू चिथावणी ठरू लागली, आणि त्यावर योग्य ती कडाडून टीकाही झाली. स्वतःचे कागद आणायला जाणे त्या मूळ कसोटीत कुठेच बसत नाही.

तुम्हाला एक विनंती आहे. दुसरा भाग पुन्हा पाहा, आणि या वेळी तिने घेतलेल्या खबरदाऱ्या तेवढ्या टिपा. अशा मालिकांत सीसीटीव्हीचे चित्रण संथ करतात, तिच्याभोवती लाल वर्तुळ काढतात, खाली गंभीर संगीत असते. त्यामुळे ती नशिबाकडे चालत निघाली आहे असे वाटते आणि तिने केलेल्या लहानसहान गोष्टी नजरेतून सुटतात.

पानगळ

सर्वांचे आभार. काल रात्री बहिणीसोबत दुसरा भाग पुन्हा पाहिला. तिने भेटीसाठी दिवसाउजेडीची वेळ निवडली होती. गाडी फाटकाच्या आत न नेता रस्त्यावर, तोंड बाहेरच्या बाजूला करून लावली होती. संथ केलेल्या त्या चित्रणात ते स्पष्ट दिसते. आणि तिची मैत्रीण मुलाखतीत एकच वाक्य बोलते, संगीत सुरू होण्याच्या जरा आधी: ‘साडेसहापर्यंत माझा फोन आला नाही तर तू कर, असे ती मला सांगून गेली होती.’ मैत्रिणीने सहा एकतीसला फोन केला होता. पहिल्यांदा पाहताना हे वाक्य मी ऐकलेच नव्हते.