तूप सोडलं तरी एलडीएल २३८ वरून २२९च! ते शरीरातून जातं तरी कसं?

द्राक्षवेल:
वय ३६, वजन ५१ किलो. मार्चमध्ये तपासणीत एलडीएल, म्हणजे ते ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, २३८ निघालं. त्या दिवसापासून तूप, साय, अंडी बंद. वरणभातावर तुपाची धार नसली की मला जेवल्यासारखं वाटत नाही, तरी तीन महिने पाळलं. परवाचा रिपोर्ट: २२९. घरचे म्हणतात, चोरून खात असशील. फार लागलं ते मनाला. रक्तातलं एलडीएल शेवटी जातं कुठे, आणि माझंच का जात नाही? डॉक्टर गोळी सुरू करू म्हणतात, पण ती कायमची लागेल या भीतीने थांबले आहे.

जुनी_परीक्षानळी:
ताई, मी ३१ वर्षं कॉलेजात जीवरसायन शिकवलं. चोरून खाण्याचं बोलणं आधी मनातून काढा. कोलेस्टेरॉल बरंचसं शरीर स्वतःच बनवतं. रक्तात किती साठेल, हे यकृत ते किती वेगाने ओढून घेतं यावर फार अवलंबून असतं.

यकृताच्या पेशींवर रिसेप्टर असतात. ते एलडीएलचा कण पकडून आत नेतात, तिथे सोडतात आणि रिकामे परत वर येतात. एक फेरी साधारण १० मिनिटांची, आणि एकेक रिसेप्टर अशा शंभरावर फेऱ्या मारतो. हे शिकवताना मला दरवर्षी नव्याने नवल वाटायचं. कण आत फुटतो. त्यातल्या काही कोलेस्टेरॉलचं यकृत पित्ताम्ल करून आतड्यात सोडतं, पण त्यातलं ९५ टक्के शरीर पुन्हा शोषून घेतं. इसबगोल उपयोगी पडतं ते इथे: ते थोडं पित्ताम्ल बाहेर नेतं, मग नवं बनवायला यकृत रक्तातून आणखी एलडीएल ओढतं.

कण रक्तात एरवी दोन-तीन दिवस राहतो. रिसेप्टर निम्मेच काम करत असतील तर मुक्काम जवळपास दुप्पट होतो. असा आनुवंशिक दोष साधारण २५० माणसांत एकाला असतो. डलासच्या ब्राऊन आणि गोल्डस्टीन यांनी अशाच रुग्णांच्या त्वचेच्या पेशी वाढवून हे रिसेप्टर शोधले. १९८५चं नोबेल त्यांना मिळालं.

डॉक्टर म्हणतात ती गोळी बहुधा स्टॅटिनची असेल. स्टॅटिन यकृतातली कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखतं. पेशीला तुटवडा भासतो, म्हणून ती जास्त रिसेप्टर बाहेर मांडते. गोळी थांबली की ते पुन्हा पूर्वीइतके होतात. गोळी कायमची लागते ती एवढ्यासाठी. तिची सवय लागते म्हणून नव्हे. मूल होऊ द्यायचा विचार असेल तर मात्र डॉक्टरांना आधी सांगा.

घरात कुणाला कमी वयात हृदयविकार?

फणसपोळी:
थायरॉईड पाहिलंत का? ते मंदावलं की हे रिसेप्टरही घटतात. माझं एलडीएल १९० होतं, टीएसएच (थायरॉईड मंदावलं की वाढणारा रक्तातला आकडा) १४. थायरॉईडच्या गोळीवर चार महिन्यांत एलडीएल १२८ वर आलं.

द्राक्षवेल:
टीएसएच २.१ आहे, म्हणजे ते नाही.
काका, माझे बाबा ४४व्या वर्षी गेले. बागेत औषध मारून आले आणि ओसरीवरच कोसळले. त्यांच्या टाचेमागची शीर बोटभर जाड होती, चपलेचा पट्टा घासायचा. कष्टाने झालं असेल असंच आम्ही धरून चाललो. आता माझी चाचपून पाहिली. दोन्ही पायांची जाड लागते.

जुनी_परीक्षानळी:
या दोषात टाचेमागच्या शिरेत कोलेस्टेरॉल साठून ती जाड होऊ शकते. बाबांचं वय आणि टाचांचं हे डॉक्टरांना शब्दन् शब्द सांगा. गोळीचा निर्णय लांबवू नका. हा दोष असेल तर सख्ख्या भावंडांत आणि प्रत्येक मुलात तो असण्याची शक्यता निम्मी. त्यांचंही रक्त तपासा, लहान आहेत म्हणून सोडू नका.

द्राक्षवेल:
मुलगी ९ वर्षांची आहे. भावाला आत्ताच फोन केला. शनिवारी सकाळी तो आणि ती रक्त देतील. माझी अपॉइंटमेंट सोमवारची घेतली आहे.