'एस्तुदिओस' म्हणजे अभ्यास की स्टुडिओ?

प्रश्न: जुन्या मेक्सिकन सिनेमांवर टिपणं काढते आहे. राफाएल सेवियाच्या १९४६ सालच्या रहस्यपटाचं नाव 'आसेसिनातो एन लोस एस्तुदिओस'. मोबाइलवर भाषांतर आलं, 'अभ्यासातील खून'. गोष्ट शाळेतली आहे का? मराठीत काय लिहू?

उत्तर: शाळा नाही ताई, सिनेमाचा स्टुडिओ. स्पॅनिश 'एस्तुदिओ'चे अर्थ बरेच: अभ्यास, अभ्यासिका, चित्रकाराची खोलीसुद्धा. मूळ लॅटिन 'स्तुदिउम', म्हणजे ध्यास. पण सिनेमे काढणारी जागा म्हटली की हा शब्द बहुतेक वेळा अनेकवचनी होतो. मेक्सिको सिटीतला १९४५ चा नामांकित स्टुडिओसुद्धा 'एस्तुदिओस चुरुबुस्को'. मराठीत आपण 'प्रभात स्टुडिओ' एकवचनीच म्हणतो. म्हणून 'स्टुडिओंमधला खून' कृपा करून लिहू नका. एका आवारात पडलेला मुडदा उगाच चार गावांत पडल्यासारखा वाटतो. 'स्टुडिओतला खून' हेच बरोबर.

प्रश्न: आणि 'हत्या' केलं तर? छापायला जरा बरं दिसतं.

उत्तर: माझं मत खुनाच्याच बाजूनं. 'होमिसिदिओ' हा व्यापक शब्द, त्यात सगळाच मनुष्यवध आला. 'आसेसिनातो'त बेत आणि दगा आहे. आपल्याकडे 'सदोष मनुष्यवध' आणि 'खून' यांत कानाला जो फरक जाणवतो, साधारण तसाच. शिवाय 'खून' फारसीत नुसतं रक्त. मराठीत येऊन तो थेट गुन्हा झाला. रहस्यपटाच्या नावाला इतका नेमका शब्द हाताशी असताना 'हत्या' कशाला? तो बातमीतला वाटतो.

आणखी एक उत्तर: मी गोव्याची, म्हणून एक भर घालते. स्पॅनिशमध्ये सिनेमाला 'पेलिकुला' म्हणतात, म्हणजे मुळात पातळ कातडी. पण 'सिंता' असंही म्हणतात, आणि सिंता म्हणजे फीत! आपली 'फीत' पोर्तुगीज 'फिता'वरून आलेली. आजी माझ्या वेण्यांना लाल फीत बांधायची, टोकं दातात धरून. तोच शब्द पुढे 'ध्वनिफीत', 'चित्रफीत' झाला. मेक्सिकोतल्या माणसानं केसांच्या फितीवरून सिनेमाला नाव द्यावं आणि आपणही 'चित्रफीत' म्हणावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

प्रश्न: 'स्टुडिओतला खून' पक्कं केलं. 'सिंता' टिपणात घेते, तुमच्या आजींच्या फितीसकट.