सल्ला हवा: १ इंची सेन्सर की ८५ मिमीची टेलिफोटो?

खिडकीवेल:
विवो एक्स१०० प्रो या फोनचा मुख्य सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप) १ इंची, एक्स२०० प्रोचा १/१.२८ इंची. टेलिफोटो, म्हणजे दूरचं जवळ आणणारा कॅमेरा, पहिल्याचा १०० मिमी, दुसऱ्याचा ८५. नंतरचं मॉडेल, तरी सेन्सर लहान? वापर म्हणजे संध्याकाळी घरात मुलांचे फोटो आणि बिलं-कागदपत्रं. जुनाच सेकंडहँड घ्यावा का?

अर्धाकप:
त्या 'इंचा'वर जाऊ नका. ते नाव टीव्ही कॅमेऱ्याच्या जुन्या नळ्यांवरून आलंय. १ इंची सेन्सरचा कर्ण जेमतेम १६ मिमी. अ‍ॅपर्चर (भिंगाचं तोंड किती उघडं, त्याचा एफ-आकडा) धरून हिशेब करा. फुल फ्रेमच्या (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) ४३.३ मिमी कर्णाला सेन्सरच्या कर्णाने भागा आणि उत्तराने एफ-आकडा गुणा. एक्स१०० प्रो: २.७ × १.७५ = ४.७. एक्स२०० प्रो: साधारण ३.५ × १.५७ = ५.५. आकडा लहान तितका प्रकाश जास्त, पण हा फरक अर्ध्या स्टॉपच्या आतलाच (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश).

टेलिफोटोत पारडं फिरतं. एक्स१०० प्रोच्या १/२ इंची एफ/२.५ चे १३.५ होतात, एक्स२०० प्रोच्या १/१.४ इंची एफ/२.६७ चे १०. एक्स२०० प्रो पाऊण स्टॉपहून जास्त पुढे.

सह्यकडा:
+१. शिवाय खोली केवढी ते बघा. उभ्या फ्रेममध्ये सव्वा मीटर उंची मावायला ८५ मिमीला १० फूट मागे जावं लागतं, १०० मिमीला साडेअकरा-बारा. आपल्याकडच्या हॉलमध्ये तेवढ्यात पाठ भिंतीला लागते! मुख्य कॅमेऱ्याच्या २३ मिमीने जवळ जाऊन चेहरा काढलात तर नाक मोठं येणारच. तो लेन्सचा दोष नाही, अंतराचा.

खिडकीवेल:
आणि कागद?

अर्धाकप:
मोठ्या सेन्सरवर जवळून फोकसची खोली कमी, म्हणून मधला मजकूर स्वच्छ आणि कडेचा पुसट येतो. २x (दुप्पट झूम) लावून ए४ कागदापासून ४० सेंमी वर धरा, फोन कागदाला समांतर. सावली पडणार नाही हेही बघा.

सह्यकडा:
एक राहिलं. प्रकाश कमी असला किंवा वस्तू फार जवळ असली की फोन गुपचूप मुख्य कॅमेऱ्याचाच क्रॉप (कापून मोठं केलेलं चित्र) देतो. मुख्य कॅमेऱ्याच्या भिंगावर बोट ठेवा. स्क्रीन काळी झाली तर क्रॉप चालू आहे. मग दिवा लावा, नाहीतर मागे सरका. पळणाऱ्या मुलांना प्रो मोडमध्ये (जिथे सेटिंग स्वतः करता येतं) शटर १/२५० सेकंद ठेवा. थोडा नॉईज (दाणेदारपणा) परवडला, हललेला चेहरा नाही.

अर्धाकप:
तुमच्या वापराला एक्स२०० प्रो.