लवकर रिटायर होऊन कायम फिरणाऱ्यांना मराठीत काय म्हणायचं?

रानजाई
दिवाळी अंकासाठी एका जोडप्याच्या इंग्रजी मुलाखतीचं मराठी करतेय. दोघं खाजगी कंपन्यांत होते, पन्नाशीच्या आत नोकऱ्या सोडल्या, भाड्याचं घर सोडलं, टेम्पो ट्रॅव्हलरमध्येच झोपायची-स्वयंपाकाची सोय करून घेतलीय आणि वर्षभर फिरत असतात. ती जाईल तिथे जलरंगात स्केचेस करते. मी लिहिलं, "स्वेच्छानिवृत्ती घेऊन पूर्णवेळ भ्रमंती आणि चित्रकलेचा छंद". संपादकांनी तिन्ही शब्दांखाली लाल रेघ मारली. स्वेच्छानिवृत्ती म्हणजे व्हीआरएस, पूर्णवेळ म्हटलं की संघटनेचा कार्यकर्ता डोळ्यासमोर येतो आणि छंद म्हटलं की पोस्टाची तिकिटं, असं त्यांचं म्हणणं. छंदाचं मला पटलं, बाकीचं नाही. तुम्ही काय लिहाल?

तळटीप
संपादक बरोबर आहेत. सरकारी नोकरीत 20 वर्षं अर्हताकारी (म्हणजे पेन्शनसाठी धरली जाणारी) सेवा झाली की तीन महिन्यांची नोटीस देऊन बाहेर पडता येतं, त्याला म्हणतात स्वेच्छा सेवानिवृत्ती. जुन्या पेन्शन योजनेतल्यांना पेन्शन मिळते. तोच माणूस राजीनामा देऊन गेला तर मागची सेवा जाते आणि पेन्शन बुडते. या दोन शब्दांत एका घराचं आयुष्यभराचं उत्पन्न अडकलेलं असतं, ते एकाच्या जागी दुसरा असे वापरायचे नसतात. खाजगीतला माणूस राजीनामाच देतो, तेच लिहा.

जुनंपासबुक
रानजाईताई, मी बँकेत होतो. 2000-01 मध्ये सरकारी बँकांत व्हीआरएस आली तेव्हा सगळ्या मिळून लाखाच्या आसपास लोक गेले. आमच्याकडे कोणी स्वेच्छानिवृत्ती म्हणायचं नाही, "त्याने व्हीआरएस घेतली" एवढंच. फॉर्म भरायच्या शेवटच्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत माणसं कॅल्क्युलेटर घेऊन बसायची, मुलीचं लग्न, घराचं कर्ज, ग्रॅच्युइटी, आणि एकमेकांना विचारायची तू भरतोयस का. त्यातली इच्छा कितपत स्वतःची होती ते ज्याचं त्याला माहीत. म्हणून आनंदाने फिरायला निघालेल्या माणसासाठी हा शब्द मला नको वाटतो. पुढे 31 जानेवारी 2020 ला बीएसएनएलमधून 78 हजारांवर लोक एकाच दिवशी याच नावाखाली बाहेर पडले, त्यांच्या घरीही हा शब्द वेगळाच ऐकू येत असणार.

चहाटपरी
आमच्या ऑफिसात सरळ फायर म्हणतात, FIRE, म्हणजे पुरेसे पैसे साठवून लवकर रिटायर होणं. वर्षाच्या खर्चाच्या 25 पट साठवले की झालं. आईला सांगितलं मी पंचेचाळीसला फायर होणार, तर ती घाबरली, तिला वाटलं कामावरून काढतायत.

तळटीप
ते 25 पटीचं गणित 1994 मधलं, अमेरिकेतल्या शेअर-रोख्यांच्या आकड्यांवरचं, तेही साठीनंतरची 30 वर्षं धरून. पंचेचाळिसाव्या वर्षी निघालात तर पैसे चाळीस-पंचेचाळीस वर्षं पुरायला हवेत, त्यात आपली महागाई वेगळी. तो आकडा जसाच्या तसा इथे धरू नका. शब्दचर्चा आहे माहितीये, पण हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

कातळशिल्प
राजीनामा शब्दाकडे बघा की. हिंदी-उर्दूत राजीनामा म्हणजे दोन पक्षांची तडजोड, नोकरी सोडायला ते इस्तिफा म्हणतात. आपल्याकडे राजी असल्याचा कागद हाच सोडण्याचा कागद झाला. जमिनीच्या जुन्या दप्तरातही कब्जा सोडताना खातेदार राजीनामाच लिहून द्यायचा. म्हणजे स्वेच्छा त्या शब्दातच आहे, वर आणखी स्वेच्छा कशाला लावायची!

अनुस्वार
सगळेच निवृत्तीभोवती फिरताय. निवृत्ती म्हणजे परत वळणं, मागे फिरणं, उलट बाजूला प्रवृत्ती. ही दोघं कशापासून मागे फिरली? ती तर नव्या कामाला लागलीयेत. त्यांना निवृत्त म्हणणं मुळातच चूक आहे. आणि भ्रमंती सोडा, अटन वापरा. देशाटन, तीर्थाटन, भिक्षाटन, सगळ्यांत तेच आहे, पर्यटनसुद्धा परि अधिक अटन. महानुभाव पंथात तर अटन हा आचारधर्मच, एका जागी रुतायचं नाही. इतका नेमका शब्द घरात असताना ट्रॅव्हल-ट्रॅव्हल काय करायचं?

चहाटपरी
अहो पण "आम्ही अटनाला निघालोय" असं सोसायटीच्या लिफ्टमध्ये कोण म्हणेल?

अनुस्वार
म्हणायला लागलं की लोक म्हणतात. दूरदर्शन, महापौर, दिनांक हे शब्द कोणीतरी घडवले, रुळवले, तेव्हाही लोकांना ते अवघडच वाटले होते.

जुनंपासबुक
घडवलेले शब्द सरकारी पाट्यांवरून रुळले. अटनाची पाटी कुठे लावणार?

वऱ्हाडपांढरी
फिरस्ती लिहा ना. आमच्याकडं फिरस्ता माणूस म्हणजे ज्याच्या पायाला भिंगरी आहे तो.

सॅम्पलबॅग
फिरस्ती चालेल, फिरती नको, माझी हात जोडून विनंती. वडील औषध कंपनीत एमआर होते. "बाबा फिरतीवर गेलेत" म्हणजे चामड्याची काळी बॅग, एसटी, लॉज, आणि शनिवारी रात्री टेबलावर टीए बिलासाठी लावून ठेवलेल्या पावत्या. आयुष्यभर फिरले पण हौस म्हणून कुठे गेले नाहीत. रिटायर झाल्यावर आई म्हणाली चला चारधाम करू, तर म्हणाले आता मला घरी झोपू दे.

गडवाट
आम्ही ट्रेकवाले भटकंती म्हणतो आणि अभिमानाने म्हणतो. "काय भटकत असतोस" ही घरची शिवी होती, ती आम्ही उचलून मिरवली. रानजाई, बिनधास्त भटकंती लिही.

पालावरची
भटकंती लिहा, त्याला माझी हरकत नाही. पण "भटकं जीवन जगतात" असं काही लिहू नका, एवढं मनापासून सांगते. आमची माणसं भटकी म्हणून 1871 च्या कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवली गेली, 31 ऑगस्ट 1952 ला त्यातून सुटली, म्हणून विमुक्त. माझ्या आज्याचं पाल गावाबाहेर पडलं की पोलीस पाटलाकडे हजेरी असायची. त्याला राहायला जागा हवी होती, ती कोणी दिली नाही म्हणून तो हिंडला. घर सोडून गाडीत राहणं ज्याला निवडता येतं त्याचा शब्द आणि त्याचा शब्द एक नाही होऊ शकत. माझ्याकडे शाळेत दाखला नव्हता कारण गाव कोणतं लिहायचं हेच घरात ठरत नव्हतं.

गडवाट
पटलं ताई. हा अर्थ आमच्या बोलण्यात कधी येतच नाही, यायला हवा.

रानजाई
पालावरची, तुमचं म्हणणं लक्षात ठेवते, "भटकं जीवन" माझ्या मसुद्यात पुढच्या परिच्छेदात होतंच, ते काढतेय. पण मग कायम फिरण्याला काय? भाषांतर उद्या द्यायचंय.

रेवाकाठ
नर्मदेवर परिक्रमावासी म्हणतात. रोज चालतो, कुठेच वसत नाही, तरी वासी! तीन वर्षं तीन महिने तेरा दिवसांची परंपरा, नदी कायम उजव्या हाताला. माझ्या ओळखीत नोकरी लवकर सोडून निघालेले कितीतरी जण आहेत, सदावर्तात पीठ-डाळ घ्यायची, आश्रमाच्या ओसरीत पथारी टाकायची. आणि चित्रांचं म्हणाल तर अमृतलाल वेगड यांनी 1977 पासून नर्मदाकाठ पायी घातला, वहीत रेखाटनं करत. तेव्हा ते जबलपूरला चित्रकला शिकवत होते, नोकरी न सोडता सवड काढून तुकड्या-तुकड्याने चालले.

जुनंपासबुक
तेच म्हणतो मी. चित्र काढायला नोकरी सोडावीच लागते असं नाही.

रेवाकाठ
काका, मास्तरांना मे महिन्याची सुट्टी असते. तुम्हाला मार्च एंडिंगला कोणी सोडलं असतं का?

कोल्हापुरी साज
छंदाचं कोणी बोलेना. आमच्यात नाद म्हणतात. कुस्तीचा नाद, बैलांचा नाद. "तिनं रंगाच्या नादापायी नोकरी सोडली" म्हटलं की कळतं किती जोर आहे. छंद रविवारी दुपारचा असतो.

सॅम्पलबॅग
पुण्यात नादी लागणं म्हणजे वाया जाणं. त्या बाईंनी वाचलं तर वाईट वाटेल. हौस लिहा. राज्य नाट्य स्पर्धासुद्धा हौशी नावाने होते आणि त्यातली माणसं नोकरी सांभाळून महिनोन् महिने रात्री बारापर्यंत तालमी करतात, त्यांना कोणी कमी लेखत नाही.

कातळशिल्प
हौस मूळची अरबी हवस. हिंदीत हवस म्हणून बघा, लोक कान झाकतील. मराठीने तिची हळदीकुंकवाची, डोहाळजेवणाची हौस केली. शब्दाचं इतकं भलं दुसऱ्या कुठल्या भाषेने केलेलं मला माहीत नाही.

अनुस्वार
छंद टाकून देऊ नका. मूळ अर्थ इच्छा, आवड. स्वच्छंद म्हणजे आपल्याच इच्छेने चालणारा, त्यात हे दोघं बसतात. तिकिटं जमवण्यापुरता तो आपण छोटा केला, आपणच पुन्हा मोठा करायचा.

कोल्हापुरी साज
स्वच्छंद म्हटलं की आमच्याकडं छंदीफंदी आठवतं, ते काय चांगलं नाही.

वऱ्हाडपांढरी
त्यातला फंद कुठला पण? संगमनेरचे शाहीर अनंत फंदी, तोच का? का फंदा म्हणजे फास, त्यातला?

कातळशिल्प
मला फारसी वाटतो, फंद म्हणजे कपट, डावपेच. फंदफितुरी आठवा.

अनुस्वार
सगळंच कसं फारसी असेल! फंदात पडणे मधला फंद बघा, त्यात कपट कुठंय, नुसतं अडकणं आहे.