मदत हवी आहे: पासपोर्टशिवाय जर्मन नागरिकत्वासाठी ओळख कशी सिद्ध करायची?
नमस्कार. जर्मनीतली माझी शेजारीण इरिट्रियाची, निर्वासित म्हणून मान्यता मिळालेली. नागरिकत्वाच्या अर्जावर कार्यालय म्हणतं, आधी मायदेशाचा पासपोर्ट आणा. त्यासाठी दूतावासात माफीनाम्यावर सही करायची, वर उत्पन्नाच्या २ टक्के कर भरायचा. ज्या सरकारपासून जीव वाचवून आली, त्याच्याच दारात कशी जाईल ती?

लाइपझिगच्या संघीय प्रशासकीय न्यायालयाच्या २०२० च्या निकालानुसार पासपोर्ट मिळवणं शक्य नसेल तर इतर कागदपत्रं, साक्षीदार आणि अगदी शेवटी स्वतःचं सुसंगत निवेदनही चालू शकतं. तिच्याकडे बाप्तिस्म्याचा दाखला आणि शाळेची गुणपत्रिका आहे, सख्खा भाऊ स्वीडनमध्ये आहे. भावाचा जबाब नोटरीकडे नोंदवून जोडावा का? तिग्रिन्यातल्या दाखल्याचं शपथबद्ध भाषांतर कुणी करून घेतलंय का? ओळखीत असा अर्ज मंजूर झाला असेल तर कृपया सांगा, काय काय जोडलं होतं?