चांदीचं मलम लावूनही पू का येतो
एकानं विचारलंय की सिल्व्हर सल्फाडायझिन, म्हणजे चांदीचं मलम, रोज लावूनही भाजलेल्या जखमेत पू का होतो, तर अहो ते १ टक्क्याचं क्रीम वरवरच काम करतं, मेलेली कडक कातडी तशीच असेल तर तिच्याखाली फारसं उतरतच नाही. माफेनाईड नावाचं दुसरं मलम उतरतं पण आग लई होते. त्यात आपल्याकडं सोलापुरात जुना पांढरा थर न धुता वरनं नवा थापतात, भिंतीला चुना मारल्यासारखा, मग काय होणार! हिरवट पू असेल तर स्यूडोमोनास नावाचा जंतू असू शकतो, स्वॅब कल्चर (जखमेतला पू काडीवर घेऊन जंतू ओळखायची तपासणी) करायला सांगा. ताप असेल तर मलमावर थांबू नका, सरळ सिव्हिल गाठा. सल्फा गटाच्या औषधांची ॲलर्जी असली तर हे क्रीम नकोच, आणि भाजल्यावर काहीजण लावतात ते टूथपेस्ट तर अजिबात नको.